रिकाम्या ‘कॅरेट’चा हिशेब

जुलै २०२३ मध्ये जुन्नर तालुक्यातील नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या भावाने उच्चांक गाठला, तेव्हा वर्तमानपत्रांतून जे आकडे झळकले ते प्रामुख्याने किलोचे अथवा क्विंटलचे नव्हते. ते क्रेटचे होते. वीस किलो टोमॅटो मावणाऱ्या एका प्लॅस्टिकच्या पेटीस दोन हजार रुपयांहून अधिक भाव मिळाला. शेतकऱ्यांच्या आणि हमालांच्या बोलीत या पेटीस ‘कॅरेट’ म्हणतात. हा इंग्रजी ‘क्रेट’ या शब्दाचा अपभ्रंश आहे. सोन्याचा कस सांगणाऱ्या कॅरेटशी त्याचा काही संबंध नाही. त्या एका महिन्यापुरता तो जोडला गेला होता, असे कोणी गमतीने म्हटले असते तर ते मात्र फारसे चुकले नसते.

त्याआधी दोनच वर्षे, ऑगस्ट २०२१ मध्ये, नाशिक जिल्ह्यात हाच टोमॅटो किलोमागे दोन-तीन रुपयांवर आला होता. उद्विग्न शेतकऱ्यांनी भरलेली क्रेट उलटी करून माल रस्त्यावर ओतला. माल ओतून देता आला, परंतु क्रेट टाकून देणे कोणालाच परवडणारे नव्हते. किलोला तीन रुपये भाव धरला तर वीस किलोंच्या पेटीतील मालाची किंमत साठ रुपये होते. खुद्द पेटी त्याच्या कितीतरी पट महाग असते. आतल्या वस्तूपेक्षा बाहेरचे आवरण मौल्यवान ठरावे, हा प्रकार केवळ विचित्र म्हणून सोडून देण्यासारखा नाही. त्यामागे एक व्यवस्था आहे आणि तिचा भार कोणावर पडतो, हा खरा प्रश्न आहे.

उत्पादन, विनिमय आणि विभाजन यांची चर्चा करणाऱ्या अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत पेटीला स्वतंत्र स्थान नाही. वस्तू उत्पादकाकडून उपभोक्त्याकडे जाते, एवढे गृहीत धरले की ती कशात भरून जाते हा प्रश्न किरकोळ वाटू लागतो. वस्तुतः गेल्या साठ-सत्तर वर्षांत दूध, मासळी, फळे, भाजीपाला, शिजविलेले अन्न, औषधे आणि मोटारींचे सुटे भाग यांच्या हालचालीत जो बदल घडून आला, त्यात या चौकोनी पेटीचा वाटा मोठा आहे.

तिचा इतिहासही तसा अलीकडचाच. पॉलिएथिलीनचा शोध १९३३ मध्ये इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत जवळजवळ अपघाताने लागला. पण ते मऊ होते, पिशवीच्या कामाचे होते. पेटीला लागणारा ताठपणा असलेले, कमी दाबाखाली तयार होणारे पॉलिएथिलीन जर्मन रसायनशास्त्रज्ञ कार्ल त्सिग्लर यांनी १९५३ मध्ये सिद्ध केले. पुढच्याच वर्षी इटलीत जुलिओ नात्ता यांनी पॉलिप्रॉपिलीन तयार केले. १९६३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघांना विभागून मिळाले. आपल्याकडे १९६८ मध्ये ठाणे-बेलापूर पट्ट्यात नोसिलचा नाफ्था भंजन प्रकल्प सुरू झाला. त्यानंतर हा कच्चा माल देशात तयार होऊ लागला आणि पेट्या, बादल्या व खुर्च्या ओतणारे कारखाने उभे राहिले. या धंद्याची एक खूण ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पेटीतील प्लॅस्टिकची किंमत माफक असते, पण ती ज्या पोलादी साच्यात ओतली जाते तो साचा अतिशय महाग असतो. म्हणून एकाच मापाच्या लक्षावधी पेट्या निघाल्या तरच ती स्वस्त पडते. प्रमाणीकरण हा या पेटीच्या जन्माबरोबरच आलेला गुण आहे.

स्वयंपाकघर आणि कारखाना

या गुणाचा लाभ सर्वप्रथम कोणी ओळखला असेल तर तो बंदिस्त आवारात काम करणाऱ्यांनी. हॉटेलच्या स्वयंपाकघराचे उदाहरण घ्यावे. १९६० च्या दशकात स्वित्झर्लंडमधून ‘गॅस्ट्रोनॉर्म’ नावाची मापपद्धती निघाली. तिचे मूळ माप ५३० गुणिले ३२५ मिलिमीटर आहे; बाकीची सर्व भांडी त्याच्या निम्म्या, तिसऱ्या वा चौथ्या हिश्श्याची असतात. परिणामी शीतकपाट, भट्टी, वाढपाचे टेबल आणि मांडणी या सर्वांत तोच डबा बसतो. चिरलेली भाजी एका डब्यातून दुसऱ्यात ओतावी लागत नाही, त्यामुळे वेळ वाचतो आणि अन्न हाताळलेही कमी जाते. त्यात रंगांचे नियम आले. कच्च्या मांसाला एक रंग, मासळीला दुसरा, भाजीला तिसरा. अशिक्षित मदतनीसालाही ते कळतात. झाकणावर तारखेची चिठ्ठी लावली की आधी आलेला माल आधी वापरला जातो. हे सारे पितळी पातेल्यात अशक्य होते असे नव्हे, पण पातेल्यावर पातेले रचता येत नाही आणि दहा पातेली दहा आकारांची असतात.

लग्नकार्याची कंत्राटे घेणाऱ्या आपल्याकडील केटररने या पेटीचा उपयोग आपल्या पद्धतीने केला. ताटे, वाट्या, पेले आता क्रेटमध्ये मोजून भरून जातात व उष्टी झाल्यावर मोजूनच परततात. एका क्रेटमध्ये इतके पेले, असा हिशेब ठरला की रात्री दोन वाजता पेंगुळलेल्या माणसालाही तूट लगेच दिसते. या व्यवसायात नफ्याचा बराचसा भाग हरवलेल्या चमच्यांतून गळतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या सोयीचे मोल सांगावयास नको. मात्र येथे एक दोषही बोकाळला आहे. भाजी वाहण्यासाठी केलेल्या किंवा भंगारातून पुन्हा ओतलेल्या रंगीत प्लॅस्टिकच्या टपात उकळती आमटी ओतून ठेवली जाते. अन्नाशी संपर्क येणाऱ्या पॉलिएथिलीनसाठी आयएस १०१४६ आणि पॉलिप्रॉपिलीनसाठी आयएस १०९१० अशी मानके भारतात फार पूर्वीच ठरली आहेत. अन्न गरम ठेवावयाचे तर ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड ठेवावयाचे तर ५ अंशांच्या खाली, असा अन्नसुरक्षेचा दंडक आहे. मांडवामागच्या अंधारात यांतील किती गोष्टी पाळल्या जातात, याची चौकशी पंगतीला बसलेला मनुष्य करीत नाही.

कारखान्यांतील कथा अधिक शिस्तीची आहे. ६०० गुणिले ४०० मिलिमीटर हे पेटीच्या तळाचे आंतरराष्ट्रीय माप ठरून गेले, कारण माल रचण्याच्या प्रमाणित फळ्यांवर ते एकही बोट जागा वाया न घालविता बसते. जर्मन मोटार उद्योगाने सुट्या भागांच्या पेट्यांचे मानक ठरविले. जपानमध्ये टोयोटाच्या ताइची ओहनो यांनी तर पेटीलाच मागणीपत्र बनविले: रिकामी पेटी मागे आली याचा अर्थ तेवढेच भाग आणखी पाठवा. चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात जुळणी कारखाने आणि त्यांचे पुरवठादार यांच्यामध्ये अशा पेट्यांची ये-जा अहोरात्र चालू असते. तेथे रिकामी पेटी ही अडगळ समजली जात नाही. ती संदेश घेऊन येते.

दूधधंद्यातही हेच घडले. आरे वसाहतीच्या काचेच्या बाटल्या तारांच्या जाळीतून येत. पिशवीबंद दुधाबरोबर प्लॅस्टिकचे क्रेट आले. पहाटे भरलेले क्रेट उतरते आणि त्याच वेळी कालचे रिकामे परत जाते. गाडीला कसेही करून परत जावयाचेच असते, त्यामुळे परतीचा खर्च जवळपास शून्य होतो. तरीही गळती आहेच. चहाच्या टपरीवर गिऱ्हाईक ज्यावर बसून चहा पितो, ते आसन बहुधा कोठल्या तरी दूधसंघाचे क्रेट असते आणि संघाचे नाव त्याच्या बाजूवर ठळक ओतलेले असते! अमेरिकेतील कित्येक राज्यांनी दुधाच्या क्रेटचा परवानगीवाचून वापर हा कायद्याने गुन्हा ठरविला आहे. आपल्याकडे तितके कठोर होण्याची गरज कोणास वाटलेली नाही आणि टपरीवाल्याच्या दृष्टीने ते ठीकच आहे.

मासळीच्या धंद्यात बदल बाहेरच्या दडपणामुळे झाला. १९९७ मध्ये युरोपीय संघाने स्वच्छतेच्या कारणावरून भारतीय मासळीची आयात थांबविली. लाकूड आणि बांबू पाणी व रक्त शोषून घेतात, ते पूर्णपणे धुता येत नाहीत, हा त्या काळातील एक प्रमुख आक्षेप होता. निर्यातीच्या प्रक्रिया केंद्रांतून टोपल्या गेल्या आणि धुता येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पेट्या आल्या त्या या धक्क्यानंतर.

वरील सर्व ठिकाणी एक गोष्ट समान आहे. पेटीचा मालक एक आहे, तिचा मार्ग ठरलेला आहे आणि ती परत येते. हॉटेलात ती चार भिंतींच्या आत फिरते, दूधसंघात एका गाडीबरोबर. मुंबईच्या डबेवाल्यांना हे रहस्य १८९० पासून अवगत आहे. डबा दुपारी कचेरीत पोहोचतो याचे कौतुक जगाने केले. तो संध्याकाळपूर्वी रिकामा होऊन त्याच घरी परत जातो याचे कौतुक तितके झाले नाही. डबा परतलाच नाही, तर दुसऱ्या दिवशीची व्यवस्था तेथेच खुंटेल.

शेतमालाचा बाजार

शेतमालाच्या बाजारात नेमकी हीच अट पाळली जात नाही. क्रेटचे फायदे येथेही निर्विवाद आहेत. करंडीत वा गोणीत भरलेल्या फळांचा भार तळच्या फळांवर पडतो; क्रेटवर क्रेट रचले की भार पेटीच्या भिंतींवर पडतो आणि फळ मोकळे राहते. भोके असल्यामुळे हवा खेळते. लुधियानाच्या काढणीपश्चात अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार देशातील टोमॅटोपैकी सुमारे साडेबारा टक्के आणि पेरूपैकी जवळजवळ सोळा टक्के माल काढणीनंतर वाया जात होता. या नासाडीला भाव, साठवण, रस्ते अशी अनेक कारणे आहेत. तथापि चिरडणे आणि खरचटणे ही त्यांतील मोठी कारणे आहेत व ती पेटीने टळतात.

क्रेट हे माप म्हणूनही उपयोगी पडते. शिगोशीग भरले तर वरच्या पेटीखाली माल चिरडतो, म्हणून पेटीची धार हीच मापाची मर्यादा ठरते. याचे महत्त्व हिमाचलच्या सफरचंद बागाईतदारांना विचारावे. तेथे खोका पुठ्ठ्याचा होता आणि त्याची उंची वाढविता येत असे. वीस किलोंच्या नावाखाली खोक्यात पंचवीस-तीस किलो माल भरला जाई आणि भाव मात्र खोक्याचा मिळे. अखेर २०२४ च्या हंगामापासून तेथील शासनाला एकाच ठराविक मापाचा खोका सक्तीचा करावा लागला. क्रेटने हमालाच्या पाठीलाही काही विसावा दिला. माथाडी कामगारांसाठी १९६९ मध्ये कायदा झाला, डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने ओझ्याचे वजन हा आंदोलनाचा विषय केला. वीस किलोंचे क्रेट, निदान भाजीपाल्यापुरते, त्या मागणीच्या दिशेनेच गेले आहे. नगांची संख्या वाढल्याने हमालीच्या दराचे नवे वाद उद्‌भवणार हे खरे, परंतु मणके मोडण्यापेक्षा ते वाद पत्करलेले बरे.

मग अडते कोठे? एका क्रेटची किंमत तीनशे रुपये आहे असे हिशेबासाठी समजू. ते शंभर फेऱ्या टिकले, तर एका फेरीचा खर्च तीन रुपये, म्हणजे किलोमागे पंधरा पैसे. याहून स्वस्त वेष्टन कल्पिता येत नाही. आता तेच क्रेट पाचव्या फेरीत हरवले असे धरू. एका फेरीचा खर्च साठ रुपये होतो, म्हणजे किलोमागे तीन रुपये. ऑगस्ट २०२१ मधील टोमॅटोचा हाच भाव होता. क्रेट स्वस्त की महाग, याचे उत्तर ते किती रुपयांना घेतले यापेक्षा ते किती वेळा परत आले यावर अवलंबून आहे.

परत येण्याची जोखीम कोणाची, हे पाहू लागले की चित्र स्पष्ट होते. शेतकरी आपल्या क्रेटमधून माल जवळच्या बाजार समितीत नेतो, लिलाव होतो, व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल ओतला जातो आणि क्रेट त्याच गाडीतून परतते. हा मार्ग आखूड आहे म्हणून निभतो. पण माल परस्पर मुंबईस किंवा त्याहून दूर पाठवावयाचा झाला, की क्रेट अडत्याच्या गाळ्यावर राहते, तेथून किरकोळ विक्रेत्याकडे जाते आणि मग ते कोणाचे याचा पत्ता लागत नाही. सर्वांची क्रेट एकाच मापाची, एकाच रंगाची. दहा दिली, सात आली, त्यांतील दोन फुटकी. याविषयी भांडावे तर पुढच्या खेपेस माल त्याच अडत्याकडे पाठवावयाचा असतो. शिवाय सरळ भिंतीचे रिकामे क्रेट भरलेल्या क्रेटइतकीच जागा अडविते, म्हणजे परतीच्या गाडीतून हवाच वाहून आणावी लागते. तिचेही भाडे द्यावे लागते. अखेर काही शेतकरी स्वस्तातले, भंगाराच्या प्लॅस्टिकचे क्रेट घेतात. उन्हाने ते दोन हंगामांत ठिसूळ होते. हा शेतकऱ्याचा अडाणीपणा नव्हे. जी वस्तू हरवणारच आहे, ती हलकी घ्यावी, हा विचार पूर्णपणे तर्कशुद्ध आहे.

जुलै २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून मुक्त केला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरले. त्यावर वादळ उठले, संप झाले, अग्रलेख लिहिले गेले. शेतकऱ्याच्या पट्टीतील अडतीचा रकाना सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. हरवलेल्या क्रेटचा रकाना मात्र पट्टीत नसतोच. तो शेतकऱ्याच्या घरी, हंगाम संपल्यावर, ओसरीत रचलेली क्रेट मोजताना दिसतो.

मालकी कोणाची?

क्रेटच्या खरेदीस अनुदान देण्याच्या योजना केंद्राने व राज्यांनी वेळोवेळी आखल्या. त्यांचा हेतू चांगला होता, विचार मात्र अपुरा होता. क्रेट ही विकत घेऊन घरात ठेवावयाची वस्तू आहे, अशी त्यामागची कल्पना. प्रत्यक्षात ते फिरते तेव्हाच भांडवल असते. फिरणाऱ्या वस्तूस स्थिर मालक असण्यापेक्षा एक सामाईक सांभाळदार असणे अधिक सोयीचे, हा धडा इतरत्र केव्हाच गिरविला गेला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्य ऑस्ट्रेलियातून परतले तेव्हा माल रचण्याच्या फळ्या व यंत्रे मागे राहिली. तेथील सरकारने ती एका सामाईक साठ्यात ठेवून भाड्याने देण्यास प्रारंभ केला. १९५८ मध्ये खासगी कंपनीच्या हाती गेलेला तो उपक्रम पुढे जगभर पसरला. स्वीडनमध्ये किराणा मालाचे उत्पादक आणि किरकोळ व्यापारी यांच्या संघटनांनी निम्म्या-निम्म्या मालकीची एक संस्था काढली. पेट्या तिच्या, वापरणारा अनामत भरतो, पेटी परत केली की अनामत मिळते. ती धुऊन पुन्हा फेरीला पाठविण्याचे काम संस्थेचे. पेटी कोणाकडून हरवली हा वादच उरत नाही, कारण ज्याच्या हातून ती पुढे गेली नाही त्याचेच पैसे अडकलेले असतात.

महाराष्ट्रात हे करण्यास नवी यंत्रणा उभारण्याची आवश्यकता नाही. राज्याचे कृषी पणन मंडळ १९८४ पासून आहे, बाजार समित्या गावोगाव आहेत, त्यांच्याकडे आवार आणि पाणी आहे. प्रथम नारायणगाव, पिंपळगाव बसवंत आणि वाशी अशा दोन-तीन टोकांमध्येच सामाईक क्रेटचा साठा निर्माण करावा. क्रेटचा रंग वेगळा असावा, त्यावर क्रमांक ओतलेला असावा, आणि रिकामे असताना ते एकात एक बसणारे वा घडी होणारे असावे. शेतकऱ्याने भाडे भरावे, अनामत मात्र खरेदीदाराने. हा शेवटचा मुद्दा कळीचा आहे. अनामतीचा भार पुन्हा शेतकऱ्यावर टाकला, तर सारी योजना आज आहे तेथेच येऊन थांबेल, आणि व्यापारी संघटनांकडून सूचना नेमकी तशीच येईल, याविषयी शंका बाळगण्याचे कारण नाही.

आक्षेप पुष्कळ घेता येतील. बाजार समित्यांचा आजवरचा कारभार पाहता त्यांच्या हाती क्रेट सोपवावे काय, हा त्यांतील सर्वांत वजनदार. चोख हिशेब न ठेवणाऱ्या समितीत क्रेटचा साठा दोन वर्षांत टपऱ्यांवर पोहोचेल. म्हणून काही ठिकाणी शेतकरी उत्पादक कंपन्यांकडे किंवा खासगी संस्थेकडेही हे काम देऊन पाहावे; तुलना करण्यास काहीतरी असले पाहिजे. प्लॅस्टिकच नको, असाही सूर निघेल. २०१८ ची महाराष्ट्रातील बंदी आणि १ जुलै २०२२ ची देशव्यापी बंदी यांचा रोख एकदा वापरून फेकावयाच्या वस्तूंवर होता. शंभर वेळा परत येणारी पेटी त्या पंक्तीत बसविता येत नाही. मात्र पाच फेऱ्यांत हरवणारी पेटी तिच्या बरीच जवळ जाते, हेही मान्य केले पाहिजे. धुण्याला पाणी लागेल. ते पुन्हा वापरात आणण्याची सोय करावी लागेल. न धुतलेले क्रेट एका शेतातील रोग दुसऱ्या शेतात नेते, ही तर टोमॅटो पिकविणाऱ्यांची जुनी तक्रार आहे.

एका आक्षेपाला समाधानकारक उत्तर नाही. करंड्या आणि टोपल्या विणणाऱ्या बुरूड समाजाचा धंदा या पेटीने हिरावून घेतला. तागाच्या गोणीला १९८७ च्या कायद्याने संरक्षण मिळाले. धान्य व साखर यांच्यासाठी ताग सक्तीचा झाला, कारण तागामागे गिरण्या होत्या आणि एका मोठ्या राज्याचे राजकारण होते. बांबूच्या करंडीमागे रस्त्याच्या कडेला पाल ठोकून बसलेली कुटुंबे होती. त्यांच्यासाठी कोणी कायदा मागितला नाही. क्रेटचा साठा उभारताना धुण्याची, मोजणीची व दुरुस्तीची जी कामे निर्माण होतील, त्यांत या कुटुंबांना प्राधान्य देता येईल. ती पुरेशी भरपाई ठरणार नाही.

पिंपळगावचा टोमॅटोचा हंगाम ऑगस्टमध्ये रंगात येतो. त्याआधीच्या दोन महिन्यांत शेतकरी क्रेटची जुळवाजुळव करतात. कोणी नवी घेतात, कोणी गेल्या वर्षीची तारेने सांधतात, कोणी शेजाऱ्याची मागून आणतात. एखाद्या बाजार समितीस प्रयोग करावयाचाच असेल तर अनामतीचा दर आणि क्रेटचा रंग याच दोन महिन्यांत ठरवावा लागेल. लिलाव सुरू झाल्यावर रिकाम्या पेटीकडे पाहण्यास कोणालाच सवड नसते.